क्लबाच्या डुप्लिकेट ब्रिजचा डायरेक्टर होताना

डुप्लिकेट ब्रिजमध्ये चांगली पाने आली म्हणून कोणी जिंकत नाही. तीच पाने दुसऱ्या टेबलांवर दुसऱ्या जोड्यांनी कशी खेळली, यावरून गुण ठरतात. त्यामुळे तुलना शाबूत राहते आहे ना, हे पाहणे हे डायरेक्टरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, मुख्य काम. बोर्ड म्हणजे चौघांची पाने चार कप्प्यांत ठेवायची पेटी. बोर्डातली पाने इकडची तिकडे झाली, जोडी चुकीच्या टेबलावर बसली किंवा निकाल चुकीच्या रकान्यात गेला, तर फटका फक्त त्या टेबलाला बसत नाही. तो बोर्ड खेळणाऱ्या प्रत्येक जोडीचे गुण हलतात. नवा डायरेक्टर नियमांच्या पुस्तकाला घाबरतो, पण संध्याकाळ बिघडते ती बहुधा पुस्तकामुळे नाही, तयारी कच्ची राहिल्यामुळे.

खेळाडू यायच्या आधी

टेबलांना क्रमाने क्रमांक द्या आणि क्रम खोलीत डोळ्यांना दिसेल असा ठेवा. चार नंबरच्या टेबलावरून उठलेल्या माणसाला पाच नंबर शोधावा लागला की राउंडामागे दोन मिनिटे गेलीच. टेबलाच्या चार जागांना दिशांची नावे असतात आणि समोरासमोरचे दोघे एक जोडी. सगळ्या टेबलांची उत्तर दिशा एकाच भिंतीकडे असू द्या. प्रत्येक टेबलावर चार बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे डबे), टेबलाचे कार्ड आणि निकाल लिहायची सोय हवी. ही सोय म्हणजे बोर्डाबरोबर फिरणारा कागद, प्रत्येक राउंडाची चिठ्ठी किंवा ब्रिजमेटसारखे यंत्र.

बोर्डांवर डीलर (पहिली बोली कोणाची) आणि व्हल्नरेबिलिटी (कोणत्या बाजूला बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त) छापलेली असते, तरीही तिची रचना पाठ असावी, कारण निकाल तपासताना ती लागते. डीलर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असा फिरत राहतो. व्हल्नरेबिलिटी पहिल्या चार बोर्डांत अशी: कोणीच नाही, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, दोघेही. पुढच्या चारांत हाच क्रम एक घर सरकतो, म्हणजे पाचव्या बोर्डाला उत्तर-दक्षिण, सहाव्याला पूर्व-पश्चिम, सातव्याला दोघेही, आठव्याला कोणीच नाही. असे सरकत सोळा बोर्डांचे चक्र पूर्ण होते आणि सतरावा बोर्ड पुन्हा पहिल्यासारखा असतो.

पाने यंत्राने वाटलेली असतील तर उत्तम, कारण मग प्रत्येक बोर्डाची छापील नोंद हातात असते. नसतील तर पहिल्या राउंडाला टेबलावरच नीट पिसून वाटायला सांगा. आधीच्या खेळातली पाने तशीच ठेवून खेळू देऊ नका.

मूव्हमेंट निवडणे

कोण कुठे सरकणार आणि बोर्ड कुठे जाणार, हे ठरवायचे ते किती जोड्या आल्या ते पाहून. क्लबात दोनच पद्धतींवर भागते: मिचेल आणि हॉवेल.

मिचेलमध्ये उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर बसतात. राउंड संपला की पूर्व-पश्चिम जोड्या पुढच्या, म्हणजे वरच्या क्रमांकाच्या टेबलावर जातात आणि बोर्ड मागच्या टेबलावर येतात. माणसे वर, बोर्ड खाली, एवढेच घोकायचे. सात टेबले असतील तर पहिल्यावर १ ते ४, दुसऱ्यावर ५ ते ८, असे करत सातव्यावर २५ ते २८ बोर्ड ठेवा. सात राउंडांत प्रत्येक जोडी २८ बोर्ड खेळते. विषम टेबलांना मिचेल बिनतक्रार चालते: पाच टेबलांना प्रत्येकी पाच बोर्डांचे पाच राउंड, नऊ टेबलांना तीन बोर्डांचे नऊ राउंड.

सम टेबलांना अडचण येते. माणसे एका दिशेला आणि बोर्ड उलट दिशेला सरकत असल्यामुळे अर्धे राउंड झाले की पूर्व-पश्चिम जोड्यांसमोर खेळलेलेच बोर्ड यायला लागतात. आठ टेबलांवर सोपा उपाय म्हणजे चार राउंड झाले की पूर्व-पश्चिम जोड्यांनी एक टेबल ओलांडून दोन घरे पुढे जायचे आणि पुढे नेहमीसारखे एकेक. मात्र मग सातव्या राउंडावर थांबायचे, कारण आठव्याला पहिल्या राउंडाचेच प्रतिस्पर्धी समोर येतात. सहा टेबलांना उडी मारली तर पाचच राउंड मिळतात, म्हणून तिथे मी बोर्ड वाटून घेण्याची पद्धत निवडतो. पहिले आणि सहावे टेबल प्रत्येक राउंडाला बोर्डांचा एकच संच वापरतात आणि तिसऱ्या-चौथ्या टेबलांच्या मध्ये एक रिकामे स्टूल ठेवतात, त्यावर एक संच एक राउंड विश्रांती घेतो. सगळे सहा राउंड खेळता येतात. पहिले आणि सहावे टेबल मात्र जवळजवळ मांडा, नाहीतर बोर्डांची ने-आण करण्यात तुमचीच दमछाक होईल.

टेबले तीन किंवा चार असतील तर हॉवेल. यात एखादी जोडी सोडली तर सगळेच फिरतात, प्रत्येक टेबलावर छापील मार्गदर्शक कार्ड असते आणि पुढे कुठे जायचे ते त्यावरून कळते. तीन टेबलांना पाच राउंड, चारांना सात. प्रत्येक जोडी प्रत्येकीशी खेळते, त्यामुळे एकच विजेता ठरतो. दोनच टेबले भरली तर जोड्यांचा खेळ करू नका. चार-चारांच्या दोन टीम करा, संध्याकाळ जास्त रंगते.

मिचेलमध्ये उत्तर-दक्षिणेचा एक आणि पूर्व-पश्चिमेचा एक असे दोन विजेते असतात. क्लबाला एकच हवा असेल तर शेवटच्या राउंडाला बोर्ड काटकोनात फिरवून ठेवायला सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंची तुलना एकमेकांशी थोडीफार जुळते. पण सगळे मुरलेले खेळाडू उत्तर-दक्षिणेला बसून राहिले तर कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही. बसवतानाच त्यांना दोन्ही बाजूंत विभागा. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना जागेवर बसायचे असते त्यांना नक्की बसू द्या. तरबेज आहेत म्हणून कोणालाही कायमची खुर्ची देऊ नका.

तेरा जोड्या आल्या तर सात टेबले मांडा आणि एक जोडी नाहीच असे धरा. दर राउंडाला एक जोडी बाहेर बसेल. सातव्या टेबलावर उत्तर-दक्षिण नसेल तर तिथे येणारी पूर्व-पश्चिम जोडी त्या राउंडाला रिकामी. ती २८ ऐवजी २४ बोर्ड खेळते, म्हणून क्रमवारी एकूण गुणांवर लावू नका, टक्क्यांवर लावा. ऐन वेळी खेळायला तयार असलेली एखादी राखीव जोडी ठेवता आली तर ही कटकटच मिटते.

खेळ सुरू झाल्यावर

पहिल्या राउंडाआधी एकदाच, मोठ्याने, तीन गोष्टी सांगा: पाने मोजून घ्या, खेळून झाल्यावर आपापल्या कप्प्यातच ठेवा, काहीही गडबड झाली तर डायरेक्टरला बोलवा. पाने मोजणे म्हणजे चित्रे पाहण्याआधी, पालथी, तेरा. खेळून झाल्यावर कप्प्यात ठेवताना आपली तेरा पाने थोडी पिसून ठेवली तर पुढच्याला खेळाचा क्रम वाचता येत नाही.

वेळ बोर्डामागे साधारण साडेसात मिनिटे धरा. चार बोर्डांचा राउंड अर्ध्या तासाचा, सात राउंड साडेतीन तासांचे. नवख्यांचा क्लब असेल तर चाराऐवजी तीनच बोर्ड ठेवा. राउंड संपायला पाच मिनिटे उरली की तसे जाहीर करा आणि त्यानंतर नवीन बोर्ड सुरू होऊ देऊ नका. जो बोर्ड राहिला त्याला कृत्रिम गुण द्यावे लागतात. उशिरात ज्यांचा दोष नव्हता त्यांना सरासरीपेक्षा जास्त, म्हणजे ६० टक्के, ज्यांच्यामुळे उशीर झाला त्यांना ४० टक्के, आणि दोघांचाही थोडाथोडा दोष असेल तर ५०. पण मी हे शेवटचा उपाय म्हणून ठेवतो. खेळलेल्या बोर्डाचा खरा निकाल कृत्रिम गुणांपेक्षा केव्हाही बरा.

पहिल्या दोन राउंडांच्या बदलाला खोलीच्या मध्ये उभे राहा. जोडी चुकीच्या टेबलावर बसणे आणि संच चुकीच्या दिशेला जाणे, या दोन्ही चुका बहुतेक तेव्हाच होतात आणि पहिले पान खेळले जाण्याआधी पकडल्या तर काहीच बिघडत नाही.

टेबलावरून हाक आली की

हातात नियमांचे पुस्तक घेऊन जा. सध्या वर्ल्ड ब्रिज फेडरेशनची २०१७ ची आवृत्ती चालते. पुस्तक उघडून वाचणे म्हणजे अडाणीपणा नाही. तोंडी, आत्मविश्वासाने दिलेला चुकीचा निर्णय त्याहून कितीतरी महाग पडतो. शिवाय छापलेल्या ओळीशी कोणी वाद घालत नाही, तुमच्याशी घालतील.

टेबलाशी गेल्यावर "काय झालं?" एवढेच विचारा आणि एका वेळी एकालाच बोलू द्या. कोणी आपल्या हातातली पाने सांगायला लागले तर लगेच थांबवा. बोर्ड अजून खेळायचा आहे. गडबड कोणाच्या तरी लक्षात आणून दिली गेली की ताबडतोब डायरेक्टरला बोलवायचे, भरपाई काय ती खेळाडूंनी आपसात ठरवायची नाही, असा नियम आहे. "जाऊ दे हो, बदल तुझी बोली" म्हणून सोडून देणारा मोठ्या मनाचा खेळाडूसुद्धा बाकीच्या टेबलांवर अन्याय करत असतो, हे शांतपणे सांगावे.

क्लबात येणाऱ्या हाकांपैकी बहुतेक चारपाच प्रकारांतच बसतात.

सगळ्यात पहिला अपुऱ्या बोलीचा, म्हणजे आधीच्या बोलीपेक्षा वरची नसलेल्या बोलीचा. समोरच्यांनी १ इस्पिक म्हटल्यावर कोणीतरी १ बदाम ठेवला. डावीकडच्या खेळाडूला आधी विचारा की ही बोली मान्य करायची आहे का. मान्य केली तर लिलाव तसाच पुढे. नाही केली तर १ बदामऐवजी २ बदाम म्हणता येते आणि पुढे काही बंधन राहत नाही. मूळ बोलीशी अर्थाने जुळणारी दुसरी बोली दिली तरीही तेच. याशिवाय वेगळे काही म्हटले तर जोडीदाराला उरलेल्या लिलावात पास म्हणत बसावे लागते. त्या खेळाडूला नेमके काय म्हणायचे होते ते विचारायचे असेल तर टेबलापासून दूर नेऊन विचारा, बाकीच्या तिघांना ते कळता कामा नये.

दुसरा, भलत्याच हातातून पहिली उतारी, म्हणजे ज्याची पाळी नाही त्याने डावाचे पहिले पान टाकणे. इथे नवे डायरेक्टर हमखास अडखळतात, कारण डिक्लेररला (ठरलेल्या बोलीप्रमाणे आपल्या बाजूची पाने खेळणाऱ्याला) पाच पर्याय असतात आणि पाचही सांगावे लागतात. पहिला: आपली पाने मांडून स्वतः डमी (पाने उघडी ठेवून नुसता बसणारा) व्हायचे आणि जोडीदाराने खेळायचे. दुसरा: उतारी मान्य करायची, डमी मांडली जाते आणि डिक्लेरर आपल्या हातातून दुसरे पान टाकतो. पुढच्या तीन पर्यायांत उतारी नाकारली जाते. मग ज्याची खरी उतारी आहे त्याला तोच रंग उतरायला लावता येते, किंवा तो रंग उतरायला मनाई करता येते. या दोन्हींत चुकून टाकलेले पान परत हातात जाते, आणि मनाई केली असेल तर ती उतारी त्याच्याकडे आहे तोवर लागू राहते. पाचवा पर्याय: त्याने हवे ते उतरावे, पण चुकीचे पान टेबलावर उघडे राहते आणि नियमाने टाकता येईल त्या पहिल्या संधीला ते टाकावेच लागते. हे पाच एका कार्डावर लिहून खिशात ठेवा. सगळ्यांना पहिली उतारी पालथी ठेवायची सवय लावली तर हे कार्ड क्वचितच बाहेर काढावे लागते.

तिसरा रिव्होकचा, म्हणजे हातात रंग असून तो न देणे. आधी पाहा, चूक पक्की झाली आहे का. चुकणाऱ्या बाजूने पुढच्या हाताला (चौघांच्या चार पानांच्या फेरीला) पान टाकले नसेल तर ती दुरुस्त करावीच लागते. बचाव करणाऱ्याचे परत घेतलेले पान मात्र दंडाचे पान म्हणून टेबलावर उघडे राहते. चूक पक्की झाली असेल तर खेळ शेवटपर्यंत जाऊ द्या आणि मग हात मोजा. रिव्होक करणाऱ्याने तोच हात जिंकला असेल तर तो हात आणि पुढे त्या बाजूने जिंकलेल्यांपैकी आणखी एक, असे दोन समोरच्यांना. त्याने स्वतः जिंकला नसेल पण त्या बाजूने तो किंवा नंतरचा एखादा हात जिंकला असेल तर एक. रिव्होकच्या आधी जिंकलेले हात कधीच जात नाहीत. आणि एवढ्यावर थांबू नका. एकदोन हात देऊनही समोरच्यांचे नुकसान भरून येत नसेल, तर रिव्होक झालाच नसता तर काय झाले असते ते धरून निकाल बदलायचा असतो. हे नव्या डायरेक्टरच्या नेहमी नजरेतून सुटते.

क्लेमवर, म्हणजे उरलेल्यांपैकी इतके हात आपले असे सांगून खेळ आटोपण्यावर, वाद झाला की खेळ थांबलेलाच ठेवा. क्लेम करणाऱ्याला त्याचे वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणायला लावा, सगळी पाने उघडी करा, मग समोरच्यांचा आक्षेप ऐका. शंका क्लेम करणाऱ्याच्या विरुद्ध सोडवायची. बाहेर एक हुकूम शिल्लक आहे हे त्याच्या ध्यानात नसावे असे दिसते, त्याने तसा उल्लेखही केला नाही आणि निष्काळजीपणे खेळून तो हात जाऊ शकत होता, तर तो हात समोरच्यांचा.

शेवटचा आणि नाजूक प्रकार रेंगाळलेल्या बोलीचा. बराच विचार करून कोणी पास म्हणतो, मग जोडीदार पुढे बोली लावतो आणि समोरचे हात वर करतात. इथे कोणाच्याही प्रामाणिकपणावर शेरा मारू नका. एवढेच विचारा, "इथे वेळ लागला, यावर चौघांचं एकमत आहे ना?" मग खेळ पुढे चालू द्या आणि नुकसान झाले असे वाटले तर नंतर सांगायला सांगा. नंतर त्या खेळाडूच्या तोडीच्या, तो बोर्ड खेळून झालेल्या चारपाच जणांना ती पाने आणि तो लिलाव दाखवून "तुम्ही काय म्हणाल?" असे विचारा. कोणी रेंगाळले होते हे सांगू नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पासचा गंभीरपणे विचार केला, काहींनी तो निवडलाही, आणि रेंगाळण्यातून पुढे बोलण्याकडे इशारा मिळत असेल, तर ती बोली रद्द धरून निकाल बदलावा लागतो.

छोट्या क्लबात डायरेक्टर स्वतःही खेळतोच. मग एक अडचण येते: ज्या बोर्डासाठी हाक आली तो तुमचा अजून खेळायचा असतो. अशा वेळी पाने न पाहता निर्णय देता आला तर द्या, नाहीतर तो बोर्ड खेळलेल्या एखाद्या जाणत्याला पाठवा. तुमच्याच टेबलावरचा वाद तर तुम्ही सोडवायचाच नाही.

गुण मोजणे

संगणक सगळे करतो, तरी एक बोर्ड हाताने मोजता आला पाहिजे, नाहीतर चुकीचा आकडा समोर असूनही दिसत नाही. ज्या जोडीला तुम्ही मागे टाकले तिच्यामागे २ गुण, बरोबरीला १. तुलना आपल्याच दिशेच्या जोड्यांशी. सात टेबलांवर सर्वाधिक १२ मिळतात.

समजा बोर्ड ५, उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल. तीन टेबलांवर ४ इस्पिक बरोबर दहा हातांनी झाले: ६२०. एका टेबलावर अकरा हात झाले: ६५०. एक जोडी ३ इस्पिकवर थांबली आणि दहा हात केले: १७०. एकीने ४ इस्पिक एका हाताने गमावले: उणे १००. सातव्या टेबलावर पूर्व-पश्चिमेने ५ चौकट म्हणून डबल (समोरच्यांची दंड वाढवणारी बोली) खाल्ले आणि तीन हातांनी पडले: उत्तर-दक्षिणेला ५००. आता ६५० वाल्यांनी सहाही जोड्या मागे टाकल्या, १२ गुण. ६२० वाल्या प्रत्येकीने तीन मागे टाकल्या आणि दोघींशी बरोबरी केली, ८. पाचशेला ४, १७० ला २, उणे १०० ला शून्य. बेरीज १२ अधिक २४ अधिक ४ अधिक २, म्हणजे ४२. सात जोड्या आणि प्रत्येकीची सहांशी तुलना, म्हणून ही बेरीज नेहमी ४२ च असते. तशी आली नाही तर कुठेतरी चूक आहे. उत्तर-दक्षिणेचे गुण १२ मधून वजा केले की पूर्व-पश्चिमेचे मिळतात.

अशा २८ बोर्डांचे कमाल गुण ३३६, सरासरी १६८. एखादा बोर्ड काही टेबलांवर खेळलाच गेला नसेल तर त्याचे गुण मोजण्यासाठी वेगळे सूत्र असते. ते संगणकावर सोडा.

चुका सापडतात त्या बहुधा तीनच जागी: निकाल उलट्या दिशेच्या रकान्यात, डिक्लेरर चुकीचा, किंवा दोन बोर्डांची अदलाबदल. यादी नजरेखालून घालताना इतरांपेक्षा एकटा पडलेला आकडा शोधा. सहा टेबलांवर उत्तर-दक्षिणेला चारशेच्या आसपास आणि सातव्यावर उणे चारशे असेल तर जाऊन विचारा. व्हल्नरेबल नसलेल्या बोर्डावर बिनडबल ३ नोट्रम्पचे (हुकमाविना डावाचे) ६०० दिसले तर विचारण्याचीही गरज नाही. निकाल उत्तरेने भरायचा आणि पूर्वेने पाहून मान्य करायचा, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली तर रात्री तुमचा अर्धा तास वाचतो.

एखाद्या बोर्डाचे निकाल दोन गटांत विचित्रपणे विभागलेले दिसले, पहिल्या तीन टेबलांचे एक आणि नंतरच्यांचे भलतेच, तर मध्येच पाने बदलली गेली आहेत असे समजा आणि छापील नोंदीशी ताडून पाहा. मग एकसारख्या पानांनी खेळलेल्या टेबलांचे गुण वेगवेगळ्या गटांत मोजावे लागतात.

निकाल लावताना त्यावर वेळ लिहा. क्लबाने वेगळे ठरवले नसेल तर लिखाणातली चूक दुरुस्त करून घ्यायला आणि निर्णयावर अपील करायला निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटे असतात. एखाद्या जोडीला निर्णय पटला नसेल तर अपिलाचा हक्क आहे हे तुम्हीच सांगा, आणि निर्णय तुमचाच चुकला असेल तर दुरुस्त करताना दोन्ही बाजू निर्दोष धरा. मुदत संपेपर्यंत चिठ्ठ्या फेकू नका, बोर्ड मोडू नका. दिलेले निर्णय एका वहीत बोर्ड क्रमांक आणि नियमाच्या क्रमांकासह लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्यांतला एखादा तरी प्रश्न पुन्हा येतो, आणि त्या वेळी टेबलावर वेगळी जोडी असते.